वायगावची फुलणारी हळद

हळदीच्या जातींची माहिती देणाऱ्या शेतकी पुस्तिका बहुधा एकाच साच्याच्या असतात. सेलम, राजापुरी, कृष्णा, टेकुरपेटा अशी नावे. मग पानांची संख्या, हळकुंडांची लांबी, हेक्टरी उत्पादन, कुरकुमीनचे प्रमाण. या यादीत ‘वायगाव’ आली की मात्र एक वेगळी नोंद दिसते : या जातीच्या जवळपास ९० टक्के झाडांना फुले येतात. पाने गर्द हिरवी, चकाकणारी आणि चोळली तर तीव्र वासाची. मसाल्याच्या पिकाची माहिती देता देता पुस्तिका फुलझाडाचे वर्णन करू लागते.

त्यात वावगे काही नाही. हळद मुळात फुलझाडच आहे. आले, वेलदोडा, सोनटक्का, भुईचाफा ही तिची भावकी. पानगळीच्या दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या गर्द सावलीत वाढणाऱ्या कुळातली ती. उन्हाळाभर कंद जमिनीत निजून राहतो, पावसाळा लागला की कोंब वर येतो, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फूल येते आणि थंडी सरता सरता पाने पिवळी पडून झाड पुन्हा जमिनीत जाते. कोणी हात लावला नाही तर हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो. माणसाने दरवर्षी कंद खणायला सुरुवात केली म्हणून ती हंगामी पीक ठरली. वर्धा जिल्ह्यातल्या या हळदीचा इतिहास म्हणजे सावलीतल्या एका बारमाही फुलझाडाला कापसाच्या उन्हाळ मुलखात जगवण्याचा इतिहास आहे.

जिल्ह्यात वायगाव नावाची एकाहून अधिक गावे आहेत. वर्धा शहराच्या बाजूचे वायगाव (निपाणी) आणि समुद्रपूर तालुक्यातले वायगाव (हळद्या). हळद या दुसऱ्या गावची. आजूबाजूला काळी जमीन आणि तिच्यावर कापूस, सोयाबीन, तूर. एका बाजूला हिंगणघाटची जुनी कापूसपेठ, दुसरीकडे शेख फरीदबाबांच्या दर्ग्यामुळे विदर्भभर ठाऊक असलेली गिरडची टेकडी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या शिवारात हिरवे पान शोधावे लागते. सावलीची आणि ओलाव्याची सवय असलेल्या झाडाने इथे घर करावे, हेच आधी नवल वाटण्यासारखे.

हळदीचे फूल पुष्कळांनी पाहिलेले नसते, कारण ते शेताबाहेरून दिसत नाही. रुंद पानांच्या मधोमध, बुंध्यातूनच एक जाडसर कणीस वर येते. कणसावर फिकट हिरव्या पाकळ्यांसारखे खवले एकावर एक रचलेले असतात आणि टोकाकडचे खवले पांढरे, कधी गुलाबी झाक असलेले. पाहणाऱ्याला तेच फूल वाटते. खरी फुले लहान आणि पिवळी. खालच्या खवल्यांच्या खोबणीतून ती थोडी थोडी बाहेर येतात आणि लवकर कोमेजतात. खवल्यांचा तुरा मात्र बरेच दिवस टिकतो. पाने बाजूला सारली तरच हा सगळा थाट दिसतो.

एवढे फुलूनही या झाडाला बी धरत नाही. अनेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. शेतातल्या हळदीत तीन असतात, एकूण ६३. तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून परागकण आणि बीजांडे बहुतांशी वांझ राहतात. कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेने क्वचित मिळणाऱ्या बियांपासून रोपे वाढवून ‘प्रभा’ आणि ‘प्रतिभा’ या जाती काढल्या, पण तो प्रयोगशाळेच्या चिकाटीचा भाग. शेतकऱ्याच्या हाती असतो तो फक्त कंद. गेल्या वर्षीचा कंद लावायचा, त्याचेच तुकडे पुढच्या वर्षी ठेवायचे. म्हणजे वायगावच्या शेतात आज उभे असलेले झाड हे शंभर वर्षांपूर्वीच्या झाडाचे वारस नव्हे, तेच झाड आहे. एखाद्या घराण्याने एक वर्ष बेणे राखले नाही की त्या घरापुरती ही साखळी तुटते. ज्वारीचे बी मडक्यात दोन-तीन वर्षे राहते. हळदीच्या बेण्याला एवढी उसंत नाही.

म्हणूनच हळदीचा इतिहास राजांच्या कागदांपेक्षा घरांच्या मागीलदारी जास्त घडला. तरी काही जुन्या खुणा सापडतात. हरियाणातल्या फरमाना या हडप्पाकालीन वस्तीत मिळालेल्या भांड्यांवर हळद आणि आल्याच्या पिठूळ कणांचे अवशेष अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी ओळखले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या चुलीवर हळद होती, असे त्यावरून दिसते. वनस्पतिशास्त्राच्या पोथ्यांत ती बरीच उशिरा आली. कोचीचा डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६९२ च्या अकराव्या खंडात हळदीचे चित्र आणि वर्णन आहे. या कामात इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनेअसने हळदीला ‘कुरकुमा लाँगा’ हे शास्त्रीय नाव दिले, आणि त्याच कुरकुमावरून तिच्या पिवळ्या द्रव्याला १८१५ नंतर कुरकुमीन म्हणू लागले.

वायगावात ही हळद मोगलाईपासून लावली जाते, असे सांगतात. हा काळ मुळीच अशक्य नाही. १५९६ मध्ये वऱ्हाड अकबराच्या ताब्यात गेला आणि अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची, म्हणजे विभागांची, यादी दिली. तिच्यात पवनार हे एक सरकार आहे. आज विनोबांच्या आश्रमामुळे ओळखले जाणारे धाम नदीकाठचे हेच पवनार. त्याच ग्रंथात मसाल्यांच्या दरांच्या यादीत हळदही आहे. पवनार तर त्याहून कितीतरी जुने. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी तिथे उत्खनन केले. इतक्या जुन्या वस्तीच्या मुलखात हळदीसारखे घरगुती झाड केव्हा रुजले, याला एक तारीख नसतेच. लग्न, बारसे, औषध, रंग आणि रोजची भाजी या सगळ्यांना जे लागते, ते झाड वस्तीबरोबर येते.

वाणिज्याच्या पिकाला मात्र जाणते हात लागतात. महाराष्ट्रात ते माळी समाजाचे होते. या समाजाच्या पोटशाखांची नावे पिकांवरून पडलेली आहेत : फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले, त्यांतही या शाखांची नोंद आहे. उत्तरेकडून आलेल्या काछी समाजातही ‘हरदिया’ ही शाखा हळदीवरून आणि ‘अलिया’ ही आल या वनस्पतीच्या तांबड्या रंगावरून ओळखली जाई. फुले, जिरे आणि हळद या तिन्ही गोष्टी विहिरीच्या पाण्यावरच्या, रोज पाहाव्या लागणाऱ्या, थोड्या जागेत पुष्कळ मेहनत मागणाऱ्या. नांगर-वखराची कोरडवाहू शेती करणारा कुणबी आणि मोटेच्या पाण्यावर बाग जगवणारा माळी यांच्या कामाची लय वेगळी होती. हळद त्या दुसऱ्या लयीत बसली.

एकोणिसाव्या शतकात या लयीला मोठा धक्का बसला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. हिंगणघाटच्या कापसाचे नाव आधीच होते; आता त्याला सोन्याचा भाव आला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला, त्यामागेही या कापूसपट्ट्याचे महत्त्व होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले आणि पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोचली. हॅरी रिव्हेट-कारनॅक हा अधिकारी केवळ कापसासाठी नेमला गेला. सरी मोकळी दिसली की तिच्यात सरकी टोचायची, असे दिवस आले.

कापसाने काळी जमीन व्यापली, पण विहिरीच्या थारोळ्याजवळची जागा त्याला नको होती. तिथे सतत ओल असते, झाडांची सावली पडते, आणि या दोन्ही गोष्टी पऱ्हाटीला मानवत नाहीत. हळदीला नेमके तेच हवे. त्यामुळे वर्ध्याच्या कापूसयुगात हळद संपली नाही. ती वाड्यांत आणि सांदवाड्यांत सरकली. इतिहासात अनेक पिके नव्या पिकासमोर नाहीशी झाली. दोन पिकांना वेगवेगळी ऊन-सावली लागते, एवढ्यावर हळद टिकली.

सांदवाडी म्हणजे वैदर्भीय घरामागची कुंपणातली जागा. न्हाणीचे पाणी तिकडे वाहते. तिथली झाडे पाहिली तर सावलीतल्या बागेचे पूर्ण शास्त्र हाती लागते. पाण्याच्या पाटाशी कर्दळ आणि अळू. भिंतीच्या पूर्वेकडे, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी अबोली. आंब्या-पेरूच्या खाली सुदर्शन आणि नागदवणा, आणि जिथे माती जास्त भुसभुशीत तिथे सोनटक्का किंवा हळद. हिमालयाच्या पूर्व पायथ्याच्या बाजूने आलेला सोनटक्का क्यूबाचे राष्ट्रीय फूल होऊन बसला आहे, पण विदर्भात त्याला एप्रिल-मे काढायचा तर दाट सावली आणि न्हाणीचे पाणी लागतेच. ही सगळी झाडे बारमाही. एकदा लावली की दरवर्षी पुन्हा फुटतात. त्यांची निगाही सारखीच : दुपारचे ऊन चुकवायचे, मुळाशी पालापाचोळा ठेवायचा, पाणी द्यायचे पण साचू द्यायचे नाही, आणि दोन-तीन वर्षांनी गड्डे वेगळे करून पुन्हा लावायचे.

शेतातल्या हळदीला हीच निगा मोठ्या प्रमाणावर करावी लागते. काळी माती कसदार खरी, पण पावसात ती पाणी धरून ठेवते आणि हळदीचा मोठा वैरी असलेली कंदकूज त्यातूनच येते. म्हणून उतार असलेली, निचऱ्याची जमीन निवडायची, भरपूर शेणखत घालायचे आणि सरी-वरंब्यावर लागण करायची. लागणीचा काळ मे-जून. सावलीसाठी कडेने एरंड आणि मधून तूर लावतात. एरंडाची रुंद पाने वाऱ्याला आडोसा करतात आणि भादव्याच्या उन्हाची धार कमी करतात. पावसाने उघडीप दिली आणि एकदम कडक ऊन पडले तर उघड्यावरच्या हळदीची पाने कडेने करपतात, हे शेतकऱ्याला पुस्तक न वाचता कळलेले असते. मात्र सावली विरळच हवी. दाट केली तर पाने उंच वाढतात आणि कंद पोसत नाहीत.

लागणीनंतर अडीच महिन्यांच्या आसपास भरणी करतात, म्हणजे सरीतली माती कंदांवर चढवतात. उघडा पडलेला कंद हिरवा होतो, पोसत नाही, आणि कंदमाशीला आयतीच जागा मिळते. भरणी झाली की काही आठवड्यांत वायगावची हळद फुलावर येते. सेलमसारखी जात तयार व्हायला साडेआठ-नऊ महिने घेते; वायगाव सात ते साडेसात महिन्यांत तयार होते. या दीड महिन्याच्या फरकाला वर्ध्यात फार किंमत आहे. फेब्रुवारी सरता सरता विहिरी आटू लागतात आणि ऊन चढते. त्याच्या आत ज्या झाडाचा संसार आटोपतो, तेच इथे टिकणार. या मुलखाने आपल्या पाण्याच्या हिशेबात बसणारी हळद निवडली, आणि ती भरघोस फुलणारी निघाली.

काढणीच्या आधी पाला कापतात, काही दिवस जमीन वाळू देतात आणि मग कुदळीने गड्डे उकरतात. माती झटकली की वाटणी सुरू होते. मधला मोठा तो जेठा गड्डा, त्याला फुटलेले बगल गड्डे, आणि बोटांसारखी निघालेली ती हळकुंडे. जेठे गड्डे बेण्यासाठी बाजूला पडतात. त्यांनाही सावलीच लागते. झाडाखाली ढीग करून वर हळदीचाच वाळका पाला पसरतात आणि लागणीपर्यंत तो ढीग उन्हाला दाखवत नाहीत. बाकीची हळद काहिलीत शिजते. फेस येऊ लागला, वाफेला हळदीचा वास सुटला आणि काडी सहज आत शिरली की शिजली म्हणायचे. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण आणि शेवटी घासून चकाकी. शंभर किलो ओल्या हळदीची वीस-बावीस किलो सुकी हळद उरते. आयुष्यभर ऊन टाळलेल्या झाडाला ते शेवटी असे सोसावे लागते.

व्यापाराच्या बाबतीत वायगाव सांगलीच्या वाटेला गेले नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली खोल पेवे खणून पोत्यांच्या पोती हळद वर्षानुवर्षे साठवत; २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली. तिथे हळदीचा वायदा होता, दलाल होते, निर्यात होती. वायगावच्या हळदीला एवढी मोठी पेठ लाभली नाही. आसपासचे बाजार, लग्नसराई, आणि ‘आम्हाला वायगावचीच द्या’ म्हणणारी ठरलेली गिऱ्हाइके यांवर ती चालली. मोठा बाजार नसल्यामुळे भाव कमी मिळाला, आणि त्याच कारणाने बेणे भेसळीतून वाचले.

गांधीयुगातल्या वर्ध्याने या पिकाकडे कसे पाहिले, हे पाहण्यासारखे आहे. १४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बागेसकटची जागा त्यासाठी दिली, तिला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी नाव पडले, आणि जे. सी. कुमारप्पा तिथे घाण्याचे तेल, हातकुटाईचा तांदूळ, मधमाश्या, हातकागद यांचे प्रयोग करू लागले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. कुमारप्पांचे सूत्र साधे होते : जे गावात पिकते त्यावरची शेवटपर्यंतची प्रक्रिया गावातच झाली पाहिजे. हळदीला ते जसेच्या तसे लागू पडते, कारण शेतातल्या ओल्या गड्ड्यापेक्षा शिजवून, वाळवून, दळून बांधलेल्या पुडीत पैसा आहे.

दुसरीकडे, ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी ज्या शेगावी राहायला आले आणि जे १९४० मध्ये सेवाग्राम झाले, त्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात मसाल्याला जागा नव्हती. एकादश व्रतांतले एक व्रत अस्वादाचे. उकडलेल्या भाज्या, कच्ची पाने, मोजके मीठ. ज्या जिल्ह्यात देशातली एक अस्सल हळद पिकत होती, त्याच जिल्ह्यातल्या सर्वांत प्रसिद्ध पंगतीत पिवळी भाजी नव्हती. हळदीचा रंग मात्र वर्ध्याच्या खादीने सोडला नाही. मगन संग्रहालयाने पुढच्या काळात वनस्पतींच्या रंगांत खादी रंगवण्याचे काम हाती घेतले. हळद हा तसा कच्चा रंग, उन्हात उडणारा. क्षार लागला की तांबडा होणारा, आणि त्याच गुणावर तर घरोघरचे कुंकू तयार होत आले.

जगाचे लक्ष हळदीकडे वळले ते एका भांडणामुळे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रातल्या दोन संशोधकांना ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे करून दाखवले की हे ज्ञान नवे नाही, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. बोट कापले की हळद चेपणाऱ्या देशाला आपली माहिती कागदावर मांडून ठेवावी लागते, हे त्या खटल्याने शिकवले. त्यानंतर दोन वर्षांनी भौगोलिक उपदर्शनाचा कायदा संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला.

या कायद्याखाली २०१६ मध्ये वायगाव हळदीची नोंद झाली. सांगलीच्या हळदीला हे मानांकन २०१८ मध्ये मिळाले, तमिळनाडूतल्या इरोडच्या आणि ओडिशातल्या कंधमाळच्या हळदीला २०१९ मध्ये. मोठमोठ्या पेठांच्या आधी समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्याने नाव मिळवले. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीचीही नोंद २०१६ चीच. एका पट्ट्यातली पिवळी आणि तांबडी पुडी एकाच वर्षी कागदावर आली. वायगावच्या बाजूने सर्वांत भारी पुरावा होता तो कुरकुमीनचा. साधारण हळदीत ते तीन-चार टक्के असते, सेलममध्ये चार-साडेचार, वायगावमध्ये सहा टक्के आणि त्याहून वर.

मानांकनाने मान मिळाला, पण हिशेब बदलला नाही. शेतकी साहित्यातले आकडे समोरासमोर ठेवले की अडचण कळते. सेलमची सुकी हळद हेक्टरी ७० ते ८० क्विंटल निघते. वायगावची ३८ ते ४५. हळकुंडे आखूड, पाच-सहा सेंटिमीटरची, त्यामुळे वर-वर पाहणाऱ्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाहीत. बाजार जर वजनावर भाव देत असेल तर शेतकऱ्याने निम्मे उत्पादन का घ्यावे? कुरकुमीन मोजून भाव देणारे गिऱ्हाईक असेल, तरच दीडपट गुण निम्म्या वजनाची काही अंशी भरपाई करू शकतो. त्यातून दुसरा धोका उभा राहतो. नाव वायगावचे आणि पुडीतली हळद सेलमची, असे झाले तर दोन्हीकडून नुकसान. मानांकन नावाचे रक्षण करते. बेण्याचे रक्षण नुसत्या कायद्याने होत नाही. ते दरवर्षी मृगाच्या आगेमागे कोणीतरी जमिनीत लावावेच लागते.

दिल्लीने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन केले. त्याचे मुख्यालय तेलंगणात निजामाबादला, हळदीच्या मोठ्या बाजारपेठेत. मोठ्या मंडळाच्या आकडेवारीत एका तालुक्याची जात सहज हरवते. नोंद झाली, बातम्या आल्या, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे. वायगावला आज तीन गोष्टींची गरज आहे : गावातच शिजवण-दळणाची सोय, कुरकुमीन तपासून भाव देणारी खरेदी, आणि निवडक शुद्ध बेण्याचा राखीव साठा.

चौथी गोष्ट वाचकाच्या हातची आहे. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडे ज्यांच्या घरामागे थोडी सावली आहे, त्यांनी या मे-जूनमध्ये खात्रीच्या शेतकऱ्याकडून वायगावचे मूठभर गड्डे आणावेत. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा पाहावी. कुंडी असेल तर रुंद आणि बुडाशी भोके असलेली घ्यावी. मातीत निम्मे शेणखत मिसळून गड्डे बोटभर खोल, वीतभर अंतरावर लावावेत. वर पाला पसरावा, पाणी साचू देऊ नये, ऑगस्टमध्ये मातीची भर द्यावी. पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या मधोमध पांढरट कणीस दिसेल. जानेवारीत पाने पिवळी पडली की अर्धे गड्डे स्वयंपाकाला काढावेत आणि अर्धे तिथेच, पाल्याखाली राहू द्यावेत. पुढच्या मृगाला ते आपोआप फुटतात.